साहेबांची पिशवी

“सिस्टर, बच्ची को बैग में बिठाइए,” डॉक्टर साहेब दुसऱ्यांदा म्हणाले.

“नहीं बिठाऊँगी,” मी म्हणाले.

शिशु सप्ताहाचा मांडव होता. समोरच्या खुर्चीवर आरोग्य खात्याचे मोठे साहेब बसले होते, खास ग्वाल्हेरहून आलेले. मागे बायकांची ही गर्दी. टेबलावर खाकी कॅनव्हासची पिशवी होती, रुंद पट्टे आणि पितळी बकलं असलेली. माझ्या हातात अडीच महिन्यांची मुलगी. आणि तिची आजी माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी पंगतीत तिच्या पुढचं ताट उचललं.

आता कुणी म्हणेल, पिशवीच ती. बसवायचं, फोटो काढू द्यायचा, मोकळं व्हायचं. म्हणूनच आधी काय झालं ते सांगते.

मी त्या वेळी उज्जैनला, देवास गेटजवळच्या माता-बाल केंद्रात हेल्थ व्हिजिटर होते. हेल्थ व्हिजिटर म्हणजे घरोघर जाऊन गरोदर बायका, बाळंतिणी आणि तान्ही मुलं तपासणारी बाई. नर्सपेक्षा चपला जास्त झिजतात, एवढाच फरक. मध्य भारताचे ते शेवटचे महिने. आधी शिंद्यांचं राज्य जाऊन मध्य भारत झाला होता, आता तोही मोडून भोपाळ राजधानीचा नवा मध्य प्रदेश व्हायचा होता. ऑफिसात कामाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कोण कुठे फेकला जाणार, हीच चर्चा.

त्या मुलीची आई, कुसुम, मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. तिचं सासर जुन्या दरबारी नोकरदारांपैकी. दरबार गेला, कचेरी गेली, सासरे घरी बसले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तो पीळ त्या घरात माईंनी, म्हणजे कुसुमच्या सासूबाईंनी, सांभाळून ठेवला होता. भाजीवाल्याशीसुद्धा त्या अशा बोलायच्या की तो बिचारा दोन पावलं मागे सरायचा.

कुसुमच्या मुलीला तपासताना मला डावा खुबा सैल लागला. खुबा म्हणजे मांडीचं हाड कमरेला जिथे जोडलेलं असतं तो सांधा. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं आणि ते कमरेच्या खोबणीत बसतं. काही मुलांची, त्यातही मुलींची जास्त, ही खोबण जन्मतः उथळ असते. गोळा आत-बाहेर सरकतो. दुखत नाही, म्हणून मूल रडत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. लागतो तो मूल चालायला लागलं की. लंगडतं. तोवर वेळ गेलेली असते.

लवकर सापडलं तर इलाज अगदी साधा. गुडघे वर आणि मांड्या फाकलेल्या, बेडकाच्या असतात तशा. तसे पाय राहिले की गोळा खोबणीत दाबून बसतो आणि खोबण त्याच्याभोवती खोल होत जाते. पण दिवसाचा बहुतेक वेळ पाय तसेच हवेत. इंदूरला ट्रेनिंगमध्ये मेट्रननं हे आमच्या डोक्यात हातोड्यानं ठोकून बसवलं होतं.

आणि आपल्याकडे करतात काय? नेमकं उलट. तेल लावायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची आणि दोन्ही पाय ताठ जुळवून दुपट्यात आवळून टाकायचं. का, तर पाय फेंगडे होतील. माईंनी चार मुलं अशीच वाढवली होती. मी मांड्यांमध्ये जाड लंगोट बांधून यायची, माझी पाठ वळली की माई तो सोडायच्या.

“माई, हिला झोळीत बांधा,” मी एकदा सरळच सांगितलं. “तुमच्या छातीशी, पाय दोन्हीकडे. कुसुम शाळेत जाते, पोर दिवसभर तुमच्याकडे. तुम्हीच हे करू शकता.”

“झोळीत?” माईंनी नाक मुरडलं. “रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बायका बांधतात तसं? नर्सबाई, आमच्यात मुलं पाळण्यात वाढतात. आमच्यात पोटाला पोर बांधून कुणी फिरत नाही.”

“आणि लंगडत फिरतं का कुणी तुमच्यात?”

माई उठून देवघरात गेल्या. कुसुम जिन्यापर्यंत माझ्यामागे आली. “ताई, चालेल ना हो ती?” एवढंच विचारलं आणि डोळ्याला पदर लावला. मला तिचा राग आला, माईंचा आला, सगळ्या उज्जैनचा आला. खरं सांगते, मायाही फार आली. मी म्हटलं, “चालेल. चल, कापड घ्यायला.”

रविवारी आम्ही टांग्यानं भैरवगढला गेलो. तिथे घरोघर ठशांनी कापड छापतात. मला छापाशी काही देणंघेणं नव्हतं. झोळीचं कापड कसं बघायचं ते सांगते. सुती हवं, मऊ हवं, पण लेचंपेचं नको. कोपरे धरून तिरकं ओढायचं. थोडं ताणलं तर चालेल, पसरलं तर ठेवून द्यायचं, कारण ते तासाभरात खाली लोंबतं आणि पोरही लोंबतं. रेशमी, गुळगुळीत घ्यायचं नाही, गाठ सरकते. रुंदी एवढी की बाळाच्या एका गुडघ्यामागच्या खळगीपासून दुसऱ्या गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत बूड आणि मांड्या दोन्ही त्यात बसल्या पाहिजेत. शिवाय रंग पक्का पाहिजे. बाळ कापड चोखणारच. मी ओला रुमाल एकेका चादरीवर घासून बघत होते. काळा निघाला, बाजूला. लाल निघाला, बाजूला.

छपाईवाल्याचा धीर सुटला. “बाईजी, चादर लेनी है कि मुकदमा चलाना है?”

“दोन्ही,” मी म्हणाले. कुसुम कितीतरी दिवसांनी हसली.

शेवटी एक जाड, बरीच धुतलेली, गडद लाल बुट्ट्यांची चादर पसंत पडली. लांब चिरून किनारी शिवल्या. मी कुसुमला बांधायला शिकवलं: बाळाचं तोंड उघडं आणि आपल्याला दिसेल असं, हनुवटी छातीवर टेकलेली नको, मान झुकवली तर त्याच्या टाळूची पापी घेता आली पाहिजे इतकं वर. वजन दोन्ही खांद्यांवर, मानेवर नाही. कुसुम शाळेतून आली की बांधायची. पण दिवसभर मुलगी माईंच्या ताब्यात, आणि माईंच्या ताब्यात दुपटं.

आणि त्यातच ही पिशवी आली. आमच्या केंद्राच्या डॉक्टर साहेबांनी ती कुठल्याशा विलायती नमुन्यावरून शिवून घेतली होती. शिशु सप्ताहात मोठ्या साहेबांपुढे तिचं प्रात्यक्षिक करायचं होतं आणि त्यासाठी चांगल्या घरची, गुटगुटीत मुलगी हवी होती. त्यांनी माईंना बोलावून घेतलं. ज्या बाईला झोळी म्हणजे अब्रू गेल्यासारखं वाटत होतं, ती पिशवीवर एका मिनिटात भाळली.

“बघा नर्सबाई,” माई मला म्हणाल्या, “बांधायचंच असेल तर हे आहे. बकलं आहेत. मेमसाहेबा वापरतात.”

मी पिशवी उलटसुलट करून बघितली. खाली दोन मांड्यांच्या मध्ये बोटभर रुंद पट्टी. म्हणजे सगळं वजन त्या पट्टीवर, आणि पाय दोरीला वाळत घातलेल्या मोज्यांसारखे सरळ खाली लोंबणार. दुपट्यात पाय आवळले जात होते, इथे लटकणार होते. सैल खुब्याला दोन्ही सारखंच वाईट.

मी डॉक्टर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. खुब्याचं मी आधीच कळवलं होतं, तेव्हा त्यांनी मुलीचा एक्स-रे काढायला लावला होता.

“एक्स-रे देखा है मैंने,” ते म्हणाले. “बिल्कुल नॉर्मल है.”

“साहब, या वयात तो गोळा मऊ कूर्चेचा असतो, एक्स-रेमध्ये दिसतच नाही,” मी अर्धं मराठी, अर्धं हिंदीत सांगितलं. “हाथ से पता चलता है.”

“डॉक्टर मैं हूँ या आप?”

“आप हैं. खुबा तरीही सैल आहे.”

ते खुर्चीत मागे रेलले. नव्या राज्यात कोण कुठे जाणार ते अजून ठरतंय, बस्तरला लोक हवे आहेत, असं काहीसं म्हणाले. मी म्हटलं, जरूर, हवेच असतील. घरी म्हातारी आई होती माझी, आणि मी एकटी कमावती. पण भीती वाटली म्हणून खुबा घट्ट होत नाही.

तर मांडव. “नहीं बिठाऊँगी,” म्हणून झालं होतं. मोठ्या साहेबांनी भुवया वर केल्या. डॉक्टर साहेब हसायचा प्रयत्न करत होते. माई पुढे आल्या.

“द्या ती इकडे. मी बसवते.”

“बसवा,” मी म्हणाले. “पण आधी हात द्या.”

मुलीला टेबलावर टॉवेल अंथरून निजवलं. माईंचा हात धरला आणि त्यांचा तळवा मुलीच्या डाव्या मांडीवर ठेवला, वर माझा. ही तपासणी उगाच पुन्हा पुन्हा करायची नसते. त्या दिवशी केली, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. पाय जवळ घेऊन अलगद मागे दाबले. गोळा सरकला. मांडी हळूच बाहेरच्या बाजूला फाकवली. गोळा टक् करून आत बसला. आवाज नसतो तो, हाताला जाणवतं फक्त.

हातच्या कांकणाला आरसा कशाला. माईंच्या त्या तळव्यानं किती बाळं चोळली असतील. त्यांचा हात माझ्या हाताखाली थिजला.

“पुन्हा कर,” त्या म्हणाल्या. मला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं.

“पुन्हा करायचं नसतं, माई.”

“हे दुपट्यातही होत होतं?”

“हो.”

“आणि या थैल्यात?”

“त्यातही होईल.”

माईंचा चेहरा पांढरा पडला. वाटलं, आता रडतील. पण त्या माई होत्या. त्यांनी पिशवी उचलली आणि डॉक्टर साहेबांच्या पुढ्यात ठेवली. “ये आपके घर ले जाइए,” त्या म्हणाल्या, “और अपने पोते को बिठाइए.” मग माझ्याकडे वळल्या. “कुठे आहे तुझी ती चादर? बांध.”

“इथे?”

“मग काय घरी जाऊन लपून?”

गर्दीतून कुसुम पुढे आली आणि तिनं आपल्या हातातल्या कापडी थैलीतून चादर काढली. मी ती घेतली. भर मांडवात, ओळखीच्या दीडशहाण्या बायकांच्या डोळ्यांदेखत, मी माईंच्या नऊवारीवर झोळी बांधली. मुलगी छातीशी, गुडघे वर, मांड्या फाकलेल्या. माईंना पुढे वाकायला सांगितलं; मुलगी जागची हलली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “अगंबाई, या तर अगदी मजुरणीसारख्या...”

“हो,” माई म्हणाल्या. “आणि तू वाटेतून बाजूला हो.”

आणि त्या देवास गेटच्या भर बाजारातून, डोक्यावर पदर, छातीवर नात, चालत घरी गेल्या. टांगासुद्धा केला नाही. मी मांडवाच्या दारातून बघत होते आणि मला रडू आवरेना.

मोठे साहेब निघताना माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. डॉक्टर साहेब बोलले, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवा मध्य प्रदेश झाला आणि माझी बदली झाली. बस्तरलाच. आई कुरकुरत का होईना, माझ्याबरोबर आली. तिथल्या बायका पोरं अंगाशी बांधूनच फिरतात, आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की झोळी कशी बांधायची हे त्या मुलखात मला कुणालाच सांगावं लागणार नाही. शिक्षा म्हणून धाडलं होतं, पण माझं निम्मं काम हलकं झालं.

रजेवर उज्जैनला आले तेव्हा कुसुमच्या दारावर थाप मारली. आतून धावत येणारी पावलं ऐकू आली. मी कान देऊन ऐकत राहिले. दोन्ही पावलं सारखी पडत होती. दार उघडून ती चिमुरडी माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि आतून माई ओरडल्या, “अगं थांब, किती पळशील!”

लोक अजूनही मला विचारतात, बाळासाठी कुठली झोळी घ्यावी, कुठलं कॅरिअर चांगलं. मी सांगते, बकलं बघू नका, कुणी शिफारस केली ते बघू नका. बाळाला आत बसवा आणि गुडघे बघा. बुडापेक्षा वर असले तर घ्या. खाली लोंबत असले तर परत करा, आणि द्यायला कितीही मोठा साहेब उभा असला तरी परत करा.