जिथे अण्णा खेळायला जाणार होते, त्या सिंगापुरात

"सिंगापूरला जायाचं तर बूट घालून जायाचं होतं. आता चपला घालून कशाला जाऊ?"

माझा धाकटा भाऊ संदीप गेली नऊ वर्षं सिंगापुरात आहे, आणि नऊ वर्षं आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्याच्या प्रत्येक आमंत्रणाला हेच उत्तर दिलं. बूट म्हणजे फुटबॉलचे. कोल्हापुरात फुटबॉल किती चालतो हे बाहेरच्या लोकांना समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे पेठेपेठेचे संघ आहेत, सामन्याच्या दिवशी दुकानं अर्धी बंद होतात, आणि अण्णा त्यांच्या काळचे नावाजलेले लेफ्ट आउट होते. डाव्या कडेने पळत जाऊन सेंटर मारायचा, म्हणजे चेंडू मध्ये गोलसमोर टाकायचा, ही त्यांची खासियत. बावीस वर्षांचे असताना त्यांना मुंबईच्या एका कंपनीच्या संघाने सरावाला बोलावलं. संघ सिंगापूरला मैत्रीचे सामने खेळायला जाणार होता. पासपोर्ट निघाला, ब्लेझरचं माप दिलं आणि कोल्हापुरातून तार आली की आजोबांना पक्षाघाताचा झटका आलाय. अण्णा परतले, घरच्या पिठाच्या गिरणीवर बसले, आणि संघ त्यांच्याशिवाय गेला. पुन्हा त्यांना कोणी बोलावलं नाही.

यंदा मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू बराच पुढे गेलाय. समोरचं दिसतं, पण बाजूचं हळूहळू मिटत चाललंय. जे गेलं ते परत येणार नाही. दवाखान्यातून बाहेर पडून रिक्षात बसल्यावर अण्णा म्हणाले, "संदीपला फोन लाव. येतो म्हणून सांग."

आता तुमच्या कामाचं थोडं. व्हिसा एजंटमार्फत आठवड्यात झाला. निघण्याआधी तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं, त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून लांब राहा. आम्ही कोल्हापूरहून बसने मुंबईला गेलो. तिथून साडेपाच तासांचं विमान. वयस्कर माणूस बरोबर असेल तर तिकिटाबरोबरच व्हीलचेअर सांगून ठेवा. अण्णांनी सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरल्यावर व्हीलचेअर बघितली, तिला वळसा घातला आणि चालत निघाले, ती गोष्ट वेगळी.

संदीप टॅम्पिनीसला राहतो, नवव्या मजल्यावर. तो रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आयटी सांभाळतो, वहिनी घरून काम करते, आणि त्यांची इरा चौदा वर्षांची आहे. इराला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून इंग्रजी येतं, आणि तेही शेपटीला 'लाह' लावलेलं. पहिल्या दिवशी तिने आजोबांना विचारलं, "वॉन्ट टू ईट ऑर नॉट?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जेवणार का विचारतेय." "मग मराठीत विचार की," अण्णा म्हणाले. दोघंही थोडे रुसले.

जेवताना मी विषय काढला, कारण मला तो खरोखरच कळत नव्हता. जपान आणि कोरिया दर विश्वचषकाला नेमाने जातात. चीन एवढा अवाढव्य, पण एकदाच जाऊन आला. सिंगापूर एवढं श्रीमंत आणि शिस्तीचं, पण कधीच गेलं नाही.

"लहान देश आहे," वहिनी म्हणाली.

"याच्याहून लहान देश जाऊन आलेत," संदीप म्हणाला. "ताई, इथे बारा वर्षांच्या पोराची मोठी परीक्षा असते. त्यावर पुढची शाळा ठरते. तोवर जे पोरगं मैदानावर असतं ते त्या वर्षी क्लासला जातं आणि परत येत नाही. त्यातून कोणी उरलाच, तर अठराव्या वर्षी दोन वर्षं लष्करी सेवा. चीनचं निराळं. तिथे वरून हुकूम आणि पैसा आला, बाहेरचे महागडे खेळाडू आले, पण खालून पोरं आली नाहीत."

"कोरियात लष्कर न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"आहे. पण तिथे लष्कराचाच संघ लीगमध्ये खेळतो. खेळाडूची ती वर्षं वाया जात नाहीत."

अण्णांनी मान डोलावली आणि भात कालवायला घेतला. त्यांना या चर्चेत रस नव्हता. त्यांना फक्त त्यांचा संघ जिथे खेळला ते मैदान बघायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. इराला सुट्टी होती. टॅम्पिनीसहून निळ्या लाइनच्या एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, थेट बेंदेमीर. गाडी बदलावी लागत नाही, आणि वेगळं तिकीट नको, आपलं बँकेचं कार्ड गेटवर टेकवलं की झालं. तिथून दहा मिनिटं चालत जालान बसार स्टेडियम. छत्री मात्र ठेवाच, उन्हालाही लागते आणि दुपारच्या सरीलाही.

जुनं स्टेडियम पाडून तिथेच नवं बांधलंय. खाली दुकानं, वर निळ्या खुर्च्या, आणि मैदानावर कृत्रिम हिरवळ. फाटक बंद होतं. अण्णांनी गजांमधून आत डोकावलं. मान इकडून तिकडे फिरवत ते मैदान तुकड्यातुकड्याने बघत होते, कारण एका नजरेत ते आता मावत नव्हतं.

शेजारच्या चहाच्या स्टॉलवर एक म्हातारे मलय गृहस्थ बसले होते. डोक्यावर काळी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी हाक मारून विचारलं, काय शोधताय? मी सांगितलं. ते उठून उभे राहिले. त्यांचं नाव हमीद, वय अण्णांपेक्षा दोन वर्षांनी जास्त, आणि ते याच मैदानावर राइट बॅक खेळलेले होते. राइट बॅक म्हणजे समोरच्या संघाच्या लेफ्ट आउटला अडवणारा माणूस!

अण्णा पुढे सरकले. "विचार," ते मला म्हणाले. "त्यांना विचार, पन्नास वर्षांमागं मुंबईची टीम आली होती. पांढरा शर्ट, निळी पट्टी. लेफ्ट आउटला कोण खेळलं? काय झालं त्या सामन्यात?"

मी इंग्रजीत विचारलं. हमीदकाकांनी डोळे मिटून बराच वेळ आठवलं. मग अगदी हळू म्हणाले, "मला माफ करा. तेव्हा खूप संघ यायचे. मला आठवत नाही."

मला ते मराठीत सांगवेना. इरानेच सांगितलं, तिच्या मोडक्या मराठीत, "आजोबा, त्यांना नाही आठवत." अण्णा म्हणाले, "अच्छा." पन्नास वर्षं त्यांनी तो सामना मनात खेळला होता. जो माणूस कदाचित प्रत्यक्ष त्यात होता, त्याच्या लेखी तो घडलाच नव्हता.

हमीदकाकांना ते कळलं असावं. ते आत गेले, तिथल्या सुपरवायझरशी मलयमध्ये बोलले आणि परत येऊन म्हणाले, "दहा मिनिटं. चला." मैदानाच्या कडेला उभं राहून ते सांगायला लागले. आत जागा नसली की लोक समोरच्या इमारतींच्या गच्च्यांवर चढायचे. बसचे कंडक्टर सामन्याचा निकाल विचारायचे. त्यांचा मुलगा चांगला खेळायचा. आता विमा कंपनीत आहे. नातू खेळतच नाही. "मी त्यांना दोष देत नाही," ते म्हणाले. "मीच मुलाला म्हणालो होतो, आधी अभ्यास."

मग त्यांनी अण्णांचा दंड धरला. "तुम्ही लेफ्ट आउट ना? चला. मी अडवतो."

दोघं मध्यरेषेपासून निघाले. पळणं नव्हतंच, चालणंही सावकाश. चेंडू नव्हता. हमीदकाका एक पाऊल आत, अण्णा पांढऱ्या रेषेवर. कोपऱ्याच्या झेंड्याजवळ पोचल्यावर अण्णांनी डावा पाय उचलला आणि हवेतच सेंटर मारला. तोल गेला. हमीदकाकांनी सावरलं. इरा फोनवर शूट करत होती; मध्येच तिने फोन खाली घेतला.

नंतर आम्ही त्याच स्टॉलवर चहा घेतला. इथल्या चहात आटवलेलं दूध घालतात, गोड लागतो; साखर कमी हवी तर आधी सांगा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, पाच-सहा डॉलरमध्ये पोटभर जेवण होतं. शाकाहारी असाल तर तशी पाटी असलेला स्टॉल गाठा, नाहीतर 'व्हेज' सांगूनही नूडल्समध्ये सुकी कोळंबी निघते.

घरी आल्यावर अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी टॅम्पिनीसलाच लीगचा सामना होता आणि संदीपने तिकिटं काढून ठेवली होती. अण्णा म्हणाले, "मी येत न्हाई. मला काय दिसतंय?"

इरा त्यांच्या पलंगाशी उभी राहिली. तिने वाक्य जुळवायला वेळ घेतला. "आजोबा, मी बघते आणि तुम्हाला सांगते. मराठीत. कॅन? चालेल?"

अण्णा तिच्याकडे वळले. "सेंटर म्हंजे काय, ठावं हाय?"

"नाही. तुम्ही शिकवा."

टॅम्पिनीसचं मैदान मोठ्या इमारतीच्या पोटात आहे. चारी बाजूंनी मजले, त्यात दुकानं, जलतरण तलाव आणि वाचनालय. वाचनालयाच्या काचेतून मैदान दिसतं. सामना सुरू झाला तेव्हा त्या काचेमागे मुलं ओळीने पुस्तकं उघडून बसलेली होती. बहुतेकांची मैदानाकडे पाठ होती. प्रेक्षक मोजके. ढोल वाजवणारा एक लहानसा कंपू मात्र मनापासून ओरडत होता.

पाहुणा संघ सिंगापूरच्या लीगमधलाच, पण बहुतांशी जपानहून आलेल्या तरुणांचा होता. आमच्या शेजारी एक जपानी गृहस्थ एकटेच बसले होते, मोरी नावाचे. त्यांचा मुलगा सतरा नंबर. चार दिवसांची रजा काढून ते त्याला बघायला आले होते आणि मुलगा राखीव बाकावर होता.

"तो लहानपणापासून निवडलेला असेल," मी म्हटलं.

ते हसले. सावकाश इंग्रजीत म्हणाले, "नाही. पंधराव्या वर्षी क्लबने काढून टाकलं. आठ दिवस जेवला नाही. मग शाळेच्या संघात गेला. अठराव्या वर्षी मोठ्या क्लबने पुन्हा नको म्हटलं. मग विद्यापीठाकडून चार वर्षं खेळला. नंतर एका छोट्या गावाच्या क्लबकडून. मग इथे."

अण्णांनी मला ते सगळं मराठीत सांगायला लावलं. मग म्हणाले, "विचार, त्याला कुणी पुरे म्हणून सांगितलं न्हाई?"

मोरींनी जरा विचार केला. "आईने सांगितलं," ते म्हणाले. "पण त्याला खेळायला पुढे कुठेतरी संघ होता. प्रत्येक वेळी होता. म्हणून तो गेला. आमच्याकडे पुष्कळ जण असे उशिरा वर येतात."

"आता वय किती पोराचं?"

"तेवीस. विद्यापीठातून बाहेर पडला तेव्हा बावीस."

अण्णा स्वतःशी 'बावीस' असं पुटपुटले.

सत्तराव्या मिनिटाला सतरा नंबर मैदानात आला आणि डाव्या कडेला जाऊन उभा राहिला. मोरी ताठ बसले. इराने आजोबांच्या कानाशी तोंड नेलं. "आजोबा, तो पळतोय. लाइनवर. एक माणूस मागे आहे. ही पास्ट हिम... त्याला मागे टाकला! आता तो... सेंटर! सेंटर मारला!"

"कुठं पडला?"

"मध्ये. पण कोणीच नाही तिथे. बाहेर गेला."

"गोलपोस्टच्या किती लांब? हेड मारायच्या अंतरावर?"

"हो. एक माणूस पाहिजे होता फक्त."

"मग चांगला सेंटर होता," अण्णा म्हणाले. "मोरींना सांग, चांगला होता." इराने सांगितलं. मोरींनी बसल्या जागी अण्णांपुढे मान झुकवली. सामना एक-एक बरोबरीत सुटला.

उरलेले दिवस सगळे करतात ते केलं. बाग, बोट, मुस्तफा नावाच्या मोठ्या दुकानातली खरेदी, पासिर रिसच्या किनाऱ्यावर एक निवांत संध्याकाळ. एप्रिलमध्ये घामाने जीव जातो, तेवढं लक्षात ठेवा. विमानतळावर इरा रडली, आणि मराठीत रडली.

घरी येऊन महिना झाला. लोक विचारतात, एवढं फिरून कळलं का, जपान का जिंकतो? मला एका कारणावर बोट ठेवता येत नाही. कोल्हापुरातली गर्दी उचलून टॅम्पिनीसच्या मैदानात नेऊन बसवावी असं तिथे बसल्या बसल्या वाटत होतं, आणि ते मैदान इथे आणावं असंही. पण अण्णांकडे गर्दी होती, पायात खेळ होता, घरी शिव्या देत का होईना पाठिंबा होता. मुंबईची एक गाडी चुकली आणि पुढे काहीच नव्हतं.

गेल्या आठवड्यात इथल्या एका मैदानावर सतरा वर्षांखालच्या मुलांची निवड चाचणी झाली. अण्णा म्हणाले, मला सोड तिथे. चाचणी संपली, नावं वाचली गेली, निवडलेल्या मुलांनी उड्या मारल्या. बाकीची सायकली काढून निघून गेली. अण्णा माझा हात धरून टेबलापाशी गेले आणि यादी मागितली.

तिथल्या सरांनी निवडलेल्यांचा कागद पुढे केला.

"ही नको," अण्णा म्हणाले. "जी ऱ्हायली, त्यांची द्या."

"तशी यादी आम्ही ठेवत नाही, काका."

"मग आजपासनं ठेवा," अण्णा म्हणाले, आणि समोरची खुर्ची हाताने चाचपून बसले. "घ्या लिहायला. पयलं नाव माझं घाला."