तिला दम घेऊ दे

"आता तिला विचारू नकोस. दम घेऊ दे." असं म्हणत मॅडम काचेच्या नळीवर नखाने हलकी टिचकी मारायच्या.

नळीतल्या कोमट खारट पाण्यात उंदरिणीच्या गर्भाशयाच्या स्नायूची पट्टी टांगलेली असे. कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचा थेंब टाकला की ती आखडायची आणि तिला जोडलेलं पेन कागदावर डोंगर काढायचं. नव्वदच्या आसपास ठाण्यातल्या एका औषध कंपनीच्या या प्रयोगशाळेत मी मॅडमच्या हाताखाली नवी होते. घाईने लागोपाठ थेंब टाकायचे. मग डोंगराची टेकडी व्हायची आणि टेकडीचं मैदान.

"स्नायूला रिसेप्टर असतात, म्हणजे हाक ऐकणारे कान. सारखं ओरडलीस की तो कान आत ओढून घेतो."

हे मॅडम माणसांनाही लावत. साहेबांनी दुसऱ्यांदा रिपोर्ट मागितला की मॅडम ऐकूच न आल्यासारख्या बसत. मी अबोल, आणि मला बोलकं करायचा नाद ऑफिसभर होता. मॅडमनी एकदाच विचारलं आणि वाट पाहिली. म्हणून मी त्यांच्याशीच बोलायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांची परीक्षा त्यांच्याच विषयात होते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मॅडमना दिवस गेले आणि तारीख उलटली तरी कळा येईनात. मी डबा घेऊन नौपाड्यातल्या नर्सिंग होममध्ये गेले, तेव्हा सलाईनमधून तेच ऑक्सिटोसिन चालू होतं आणि मैदान कायम होतं. बाळाचे ठोके नीट आहेत हे पाहून डॉक्टरीणबाईंनी ते थोडा वेळ बंद केलं.

बाहेर मॅडमच्या कोपरीत राहणाऱ्या सासूबाई खवळल्या. बंद कसलं करता, वाढवा म्हणाल्या. मॅडमनी आतून मलाच फर्मावलं, "आईंना समजाव. मराठीत."

माझी शाळा इंग्रजी. रिसेप्टरला शब्द सुचेना.

"आजी, एकाच माणसाला सारखी हाक मारली की तो ओ देईनासा होतो. थांबून मारली की देतो."

त्यांनी बाकावरच्या आपल्या मुलाकडे पाहिलं. "हा थांबून मारली तरी देत नाही." पण बसल्या.

दुपारी सलाईन पुन्हा लावलं. या वेळी कळा आल्या. संध्याकाळी मुलगी झाली. मॅडम थकून एवढंच म्हणाल्या, "डोंगर बघायला हवे होतेस."

इतकी वाट पाहून झालेली मुलगी सोडून त्या कामावर परतल्या नाहीत. सासूबाईच प्रयोगशाळेत आल्या. मुलगी म्हणून बर्फी नाही, हट्टाने पेढे घेऊन. सगळ्यांना वाटून झाल्यावर विचारलं, "आणि सूनबाई सांगते ती, दम घेणारी, कुठे आहे?" मी नळी दाखवली. त्यांनी नळीपुढे एक पेढा ठेवला.

"फार राबवू नका गं तिला."

त्या गेल्यावर साहेब दारातून दुसऱ्यांदा रिपोर्ट मागू लागले. मी मॅडमच्या रिकाम्या स्टुलावर बसले, नळीवर टिचकी मारली आणि ऐकूच न आल्यासारखी बसून राहिले.