शेंदराच्या खोळीखाली

मला थोबाडीत बसली तेव्हा माझ्या डोक्यावर पांढऱ्या मातीचं टोपलं होतं. टोपलं पडलं. माती देवीच्या पायाशी सांडली. मारणारा गावचा पाटील होता. मी तिसरीत होते.

का मारलं ते सांगते.

आमच्या गावामागं, आष्टीकडच्या डोंगरात, एक टेकडी आहे. वर जुना किल्ला. बुरूज ढासळलेले. खडकात कोरलेली पाण्याची टाकी, खडकातच कोरलेल्या लहान लहान खोल्या. त्यातल्या एका खोलीत शेंदूर फासलेली देवी. चैत्रात तिची जत्रा. जत्रेआधी ओटा सारवायला खालून पांढरी माती न्यायची, ती आमच्या वस्तीतल्या बायकांनी. पण किल्ल्याच्या पडक्या दरवाजापर्यंतच. तिथं टोपलं ठेवायचं आणि मागं फिरायचं. पुढं आमची माती चालत होती. आम्ही चालत नव्हतो.

त्या वर्षी देवीची खोळ पडली. शेंदरावर शेंदूर चढत जातो, त्याचं जाड कवच होतं, आणि कधीतरी ते आपल्याच वजनानं गळून पडतं. ती खोळ. आमच्या गावात ते अशुभ मानायचे. खोळ उचलून जो नदीत टाकेल त्याच्या घरातून मढं निघतं म्हणायचे. म्हणून ते काम आमचं. पाटलानं माझ्या मायला आत बोलावलं. त्या दिवशी देवी बाटायची भीती कोणाला वाटली नाही. मी मायच्या मागं मागं गेले, डोक्यावर टोपलं तसंच.

आणि मी उघडा दगड पाहिला. मांडी घातलेली. मांडीवर एक तळहात, त्यावर दुसरा. लांब कान. डोळे खाली झुकलेले. छाती पुरुषाची. असाच फोटो आमच्या घरच्या भिंतीवर होता. बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला तेव्हा आणलेला.

मी म्हटलं, "माय, हा तं आपल्या घरचा बुद्ध आहे."

एवढंच. पाटलाचा हात आला. मग तो मायकडं वळला. "तुह्या नवऱ्यानं देव बदलला. आता आमचेबी बदलवतं काय वं?"

मायला उंबऱ्यावर नाक घासायला लावलं. तिनं घासलं. मग तीच खोळ डोक्यावर घेऊन ती टेकडी उतरली. संध्याकाळपर्यंत दगडावर नवा शेंदूर चढला होता. घरी आल्यावर माय म्हणाली, तू काही पाह्यलं नाई. मी हो म्हटलं. चौथीनंतर शाळा सुटली. टेकडीवर मी पुन्हा पाय ठेवला नाही.

आता टेकडीला डांबरी सडक झाली. रविवारी मोटारी येतात. लोक बुरुजावर उभे राहून फोटो काढतात. गेल्या हिवाळ्यात त्या पाटलाचा नातू माझ्या घरी आला. त्याचं आष्टीत खत-बियाण्याचं दुकान आहे. त्याच्या घरचं माणूस आमच्या दारात मी कधी पाहिलं नव्हतं. खुर्ची दिली तर म्हणाला, खालीच बसतो. चहा प्याला आणि चहाची तारीफ केली. सोबत लुगडं आणलं होतं. तेव्हाच मी सावध झाले. आपला चहा ज्याला अचानक गोड लागतो त्याला काहीतरी पाहिजे असतं.

हळूहळू ते निघालं. आमच्या वस्तीतल्या पोरांनी अर्ज केला होता की वरच्या खोल्या बुद्धाच्या काळच्या आहेत. चौकशीला सरकारी बाई येणार होती. जुन्या माणसांना विचारणार होती. आमच्या वस्तीत सगळ्यात म्हातारी मी.

"आजी, तुम्ही एवढंच सांगजा," तो म्हणाला, "का देवी पहिलेपासून आहे, अन् तुमच्या बाया भक्तीनं माती नेत होत्या. तुमच्या तोंडून आलं का वाद मिटला."

मी म्हटलं, पाहू. उठता उठता तो माझ्या लेकाला म्हणाला, "यंदा वांगे मस्त आहेत तुमचे. पुरते ना आपल्या विहिरीचं पाणी?"

हसूनच म्हणाला. माझ्या लेकाची भाजीची वाडी त्यांच्या विहिरीवर चालते.

जेवताना लेक म्हणाला, "माय, बोलून दे दोन शब्द. दगडाले काय फरक पडते?"

"दगडाले नाई पडत," मी म्हटलं. "मले पडते."

भक्तीनं. तो शब्द मला झोंबला. मार एखादेवेळी विसरता येतो. पण मारायचं, आणि वरून तुम्ही प्रेमानं येत होता असं आमच्याच तोंडून वदवून घ्यायचं? मायनं उंबऱ्यावर नाक घासलं तेही मग भक्तीनंच घासलं म्हणतील. मी लुगडं घडीसकट परत पाठवलं.

तरी चौकशीच्या दिवशी त्याची गाडी आली. मी बसले. गुडघे माझे खराब आहेत, गाडीशी माझं भांडण नव्हतं.

वर त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. पडक्या दरवाजाच्या बाहेर. सरकारी बाई गोड बोलणारी होती. तिनं विचारलं, लहानपणी इथं काय पाहिलं? मी म्हटलं, आत जाऊन सांगते. पाटलाचा नातू पुढं आला. "आजी, आत चिकट आहे. घसरसान. इथूनच सांगा."

आजोबानं हात उगारला होता. नातू काळजी करत होता. माझी जागा तीच होती, दरवाजाच्या बाहेर.

मी उठले आणि आत गेले. देवीला आता चांदीचे डोळे लावले आहेत, अंगावर साडी आहे. मी सांगितलं, साडीखाली मांडी आहे, मांडीवर दोन हात आहेत. हे पाहिलं म्हणून मला इथं मारलं. माझ्या मायनं या उंबऱ्यावर नाक घासलं. "खोळ काढा," मी म्हटलं. "मी खोटी निघाली तं इथंच आणखी एक थापड मारा."

कोणी काढली नाही. पुजारी हात पसरून मूर्तीपुढं उभा राहिला. बाई म्हणाली, असं परस्पर काढता येत नाही, वरून परवानगी लागते. तिनं काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. जाताना ती माझ्याकडं पाहून हसली, आणि पाटलाच्या नातवाकडं पाहूनही तसंच हसली. म्हणून तिचा मी भरवसा धरत नाही.

उतरताना गाडी नव्हती. बसत बसत उतरले. दुसऱ्या दिवशी वाडीचं पाणी बंद झालं. वांगी माना टाकून वाळली. लेक आता सिंदीला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करतो. जाताना माझ्याशी बोलला नाही. सून ताट वाढते, तोंडाकडं पाहत नाही. तिचं चुकतं असंही मला म्हणवत नाही.

मग निरोप आला. वय झालं, आठवण्यात चूक झाली असं म्हातारीनं म्हणावं, पाणी सोडतो. आता आजी नव्हती, म्हातारी होती. मी निरोप्याला म्हटलं, "त्याले सांगजो, पाणी त्याच्या विहिरीचं आहे. डोळे माह्ये आहेत."

त्यांना घाई नाही, हे मला कळतं. मी मेले की पाहणारं कोणी उरत नाही. तेवढीच वाट पाहून राहिले आहेत.

म्हणून मी रविवारी वस्तीतल्या बायकापोरींना वर नेते. पुजारी अडवतो. आम्ही आत जातो. मी रडून दाखवत नाही. इथं बसलेला पाहिला, इथं मला मारलं, इथं मायनं नाक घासलं, एवढं सांगते. मग एकेकीकडून म्हणवून घेते. जिला नीट सांगता येत नाही तिला पुढच्या रविवारी पुन्हा नेते.