शामलाबाईंचा डावा हात

देवरावांनी शामला गजभियेला पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिच्या दारातून, आणि पाहताक्षणीच ती त्यांच्या मनातून उतरली. समोर कुणाचं तरी उघडं मशीन, उजव्या हातात वीज मोजायच्या मीटरची काडी आणि डावा हात पाठीमागे पदरात गुंडाळलेला. एखाद्या ठाणेदारासारखी उभी! "काम करायचं तं दोन्ही हातानं करावं," असं ते घरी पत्नी पार्वतीबाईंना म्हणालेही.

शामला आधी हिंगण्याच्या कारखान्यात होती. बावीस वर्षं तिनं सर्किटच्या पाट्यांवर सोल्डरिंग केलं. कारखाना बंद पडला, कंपनीची बस यायची थांबली, तेव्हा तिनं पाचपावलीतल्या घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल मांडलं.

बुद्धपौर्णिमेच्या दुपारी देवराव त्याच टेबलापाशी आले ते विहाराचा ॲम्प्लिफायर छातीशी धरून. अकरा वर्षं हे यंत्र त्यांच्या ताब्यात होतं. संध्याकाळी सहाला त्यांची नात मेघा पहिल्यांदाच माईकवर गाणार होती आणि यंत्र मुकं झालं होतं. सोबत विहार समितीचे ताराचंद होते. म्हणजे इथं जे घडेल ते चहाच्या आत वस्तीभर होणार.

शामलानं यंत्राच्या वायरची पिन आधी डोळ्यांसमोर टेबलावर ठेवली, मग झाकण काढलं.

"पिन काढली तरी आत करंट राहते, काकाजी. या दोन डब्यांत." तिनं जाड कॅपॅसिटर दाखवले, रेझिस्टर लावून ते रिकामे केले, मीटरवर शून्य बघितलं आणि मगच आत बोट घातलं. फ्यूज बाहेर आला. काचेच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळलेली.

ताराचंद वाकले. "हे कोनं केलं गा?"

देवराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"कोनं केलं ते मले नाही पाहिजे," शामला म्हणाली. "किती वेळ चालवलं ते सांगा. फ्यूज सोता जळते अन् मशीन वाचवते. तार कायची जळते? अर्धा तास चाललं असन तं ट्रान्सफॉर्मर भाजला. मंग मी हे विहारात नेऊ देत नाही. पोरीच्या हातात लोखंडाचा माईक राहीन, करंट त्यात उतरन."

देवरावांची मान कॅलेंडरवरून फिरली.

"मीच गुंडाळली," ते म्हणाले. "काल. डबीतले फ्यूज सरले होते, दुकान बंद होतं. दोनक मिनिटं चाललं असन. घुं घुं करून राहिलं होतं, वास आला तशी पिन उपसली."

"वा रे इंजिनियर!" ताराचंदांना हसू आवरेना. "अन् अकरा वर्षं आमाले म्हणे, हात लावू नोका!"

"पिन उपसली म्हणूनच वाचलं," शामलानं त्यांना तिथंच थांबवलं.

आतले दोन ट्रान्झिस्टर जळाले होते. तिनं ते बदलले, करंट बाहेरच्या पत्र्यात उतरत नाही ना हे मीटरनं तपासलं, बरोबर मापाचा फ्यूज बसवला. मग यंत्राकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत एक जुना पिवळा बल्ब जोडला. "आत अजून खोट असन तं बल्ब पेटून राहीन, मशीन जळनार नाही."

बटण दाबलं. बल्ब लख्ख झाला. देवरावांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो विझत विझत निखाऱ्याएवढा उरला होता.

आता चालू यंत्रात मीटर लावायचा होता. शामलाचा डावा हात आपोआप पाठीमागे गेला.

"तो हात काहून मागं, बाई?" देवरावांनी विचारलं.

"दोन्ही हात आत असले तं करंट या हातातून शिरून छातीतून त्या हातात जाते. म्हणून एक घरी ठेवायचा."

"मले वाटलं, तोरा आहे."

"थोडा तोराबी आहे, काकाजी."

स्पीकर जोडायच्या टोकांवर नको ती वीज नाही याची खात्री झाल्यावर तिनं आपला जुनाट स्पीकर जोडला. तो वाजला. तेव्हा कुठे यंत्र देवरावांच्या हाती आलं.

सहाला मेघा गायली. दुसऱ्या कडव्यात अडखळली, ते अडखळणंही कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. गाणं संपल्यावर देवरावांनी आपल्या ताब्यातली फ्यूजची डबी ताराचंदांदेखत शामलाच्या हातावर ठेवली.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शामला विहारात येऊन यंत्र उघडून तपासते. देवराव टॉर्च धरतात. फ्यूजची डबी तिच्याकडेच असते.