सखूबाईची मूठ

परवा कृषी प्रदर्शनात नव्या पेरणीयंत्राच्या ओल्या रंगाचा वास आला आणि देवगाव रंगारीची सखूबाई आठवली.

चिकलठाण्यात पेरणीयंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तेव्हा नवा ड्राफ्ट्समन होतो. सखूबाई तिफणीमागं चालत लाकडी चाड्यात मुठीनं ज्वारी सोडायची. पेरणीला आजूबाजूची चार गावं तिलाच बोलवायची. मी तिच्या मागून माती उकरून दोन दाण्यांमधलं अंतर पट्टीनं मोजत होतो. ते कुठंच चुकत नव्हतं.

दुपारी तिनं आपल्यातली अर्धी भाकर मला दिली. वर ठेचा ठेवत तिनं विचारलं, "सायब, ह्ये यंत्र आलं की मला बलावतील नं पेरायला?"

चाड्यावर माणूसच लागू नये, म्हणून तर मला तिथं धाडलं होतं. तरी मी म्हणालो, "व्हय, तुमच्याबिगर कसं चालंल?"

ती खूश झाली. बोटं किती ढिली सोडायची, तेही तिनं माझा हात धरून शिकवलं.

तिसऱ्या हंगामात यंत्र गावात पोचलं आणि सखूबाईला कुणी बोलावलं नाही. मला बढती मिळाली. पुढं देवगावची कामं निघाली, तेव्हा दर वेळी मी दुसऱ्याला पाठवलं.