मालखान्यातली पाल

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मागोमाग राग. माझ्या नोकरीचा तो शेवटचा हिवाळा. उज्जैनच्या एका पोलीस थान्याचा मी प्रभारी होतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी डोकावेल, तेवढं चालवून घ्या.

टावर चौकातल्या चहाच्या ठेल्यावर माझा एक मुखबिर, म्हणजे खबऱ्या, बसायचा. खबर पक्की आणायचा, पण मीठमसाला लावून. त्या दिवशी धापा टाकतच आला.

"साहब, रामघाट के पास एक ड्राइंग मास्टर रहता है। कमरे में बिसखोपरा पाल रखा है, रात-दिन लाल बत्ती जलती है। शनिश्चरी अमावस को किसी तांत्रिक को देने वाला है।"

बिसखोपरा म्हणजे मोठी रानपाल. माळव्यात समज असा, की ती चावली तर माणूस पाणीसुद्धा मागत नाही. तिच्यात विष नसतंच, पण सांगणार कोणाला? आमच्या गावात लाल दिवा, पाल आणि अमावस्या हे तीन शब्द एकत्र आले की पुढची गोष्ट लोक आपणच रचतात. पण रानपाल बाळगणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे खबर सोडून देता येत नव्हती. दोन पंच घेतले आणि निघालो.

वरच्या मजल्यावरची खोली. मास्तर पन्नाशीचे, मराठी, पत्नी वारल्यापासून एकटेच. टेबलावर काचेची पेटी, तिच्यात एकावर एक रचलेल्या चपट्या फरश्या, एका टोकाला लाल बल्ब. बाजूला डब्यात रातकिडे किरकिरत होते. जिन्यात सगळी गल्ली जमलेली. खालच्या मजल्यावरच्या काकू पदर नाकाला लावून म्हणाल्या, "रोज रात्री मंत्र ऐकू येतात हो साहेब!" ते मंत्र त्या डब्यात होते. घरमालक हात बांधून उभा, चेहरा सुतकी. "शरीफ मोहल्ला है साहब। मैं तो कब से कह रहा हूँ, कमरा खाली करो।"

मास्तर म्हणाले, "साहेब, ही इथली नाहीच. आफ्रिकेच्या डोंगरांत खडकाच्या फटीत राहणारी जात आहे. पुण्याच्या मित्राने दिली. वनविभागाकडे रीतसर नोंद केली आहे." मोबाइलवर कागदही दाखवला. मोबाइलवर काय, कोणीही काहीही दाखवतो. वनविभागाकडून खात्री करून घ्यायची तर सलग सुट्ट्या, सोमवारशिवाय कोणी भेटणार नव्हतं. तोवर पाल जप्त. पंचनाम्यात लिहिलं, 'एक जिवंत पाल, शेपटीसह.' जिना उतरताना आत काहीतरी सळसळलं आणि आमच्या शूर शिपायाने पेटीच सोडून दिली. काच फुटली. पाल फरशीला चिकटून राहिली म्हणून वाचली.

थान्यात मास्तरांना समोर बसवलं. "तांत्रिक कोण?" मी विचारलं.

"तिच्याजवळ बल्ब लावलात का?"

"मास्तर, प्रश्न मी विचारतोय!"

"विचारा ना. पण ह्या थंडीत ती खाणं सोडेल आणि मरेल. ऊब एकाच बाजूने द्या, दुसरी बाजू गार राहू द्या, तिची ती जागा निवडते. दोन फरश्यांमधली फट अगदी बारीक ठेवा. वरून-खालून दगड अंगाला लागला नाही तर ती घाबरते. आणि शेपटी धरू नका, तुटते." मग म्हणाले, "घरी गेलो की फटीतून डोकं काढून बघते हो. दुसरं कोण आहे मला?"

मी आयुष्यभर चोरीचा माल विकणारे पाहिले. विकणारा मालाचा भाव सांगतो, त्याच्या सवयी सांगत नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

मालखाना, म्हणजे जप्त मालाची खोली, सांभाळणाऱ्या हवालदार बाई मोठ्या खमक्या. पण पाल बघून म्हणाल्या, "सर, कट्टा दे दो, चरस दे दो, सब सँभाल लूँगी। ये नहीं!" मी म्हटलं, मुद्देमाल मेला तर कोर्टात जबाब तुम्ही द्यायचा. झालं! थान्याची मोरी दुरुस्त करून उरलेली कोटा फरशी आली, झाकणाला भोकं पाडलेला मोठा डबा आला, टेबललॅम्प आला, मास्तरांच्या खोलीतून रातकिड्यांचा डबा आला. मास्तर बाकावरून सांगत होते आणि बाई चिमट्याने रातकिडा धरून, डोळे अर्धे मिटून उभ्या होत्या. पाल फटीत शिरली ती बाहेरच येईना. मास्तरांनीही चहाशिवाय काही घेतलं नाही.

मी मुखबिराला पुन्हा पकडलं. "अमावस्येची गोष्ट तुला कोणी सांगितली?" जरा आवाज चढवल्यावर नाव निघालं ते घरमालकाचं. आता, सिंहस्थाच्या तयारीत रामघाटाजवळ जो तो खोल्या रिकाम्या करून यात्रेकरूंना द्यायला लागलाय, हे काय मला ठाऊक नव्हतं? हवालदार बाईंना म्हटलं, लावा फोन, स्पीकरवर.

"भैया, इंदौर से बोल रहे हैं। शनिश्चरी अमावस के नहान पे आना है, कमरा मिलेगा?"

"आ जाओ बहनजी! ऊपर वाला बड़ा कमरा है। किराएदार था, उसको पुलिस ले गई। शनिवार तक एकदम खाली!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे सगळी नोकरी गुंडांमागे धावण्यात घालवली आणि जाता जाता ह्याच्या खोल्या रिकाम्या करून द्यायच्या! त्याला उचलून आणला. त्याच गडबडीत मालखान्यातून बाई ओरडल्या, "सर! खा लिया! खा लिया!" आम्ही सगळे धावलो. रातकिड्याचा एक पाय तेवढा तिच्या ओठाबाहेर दिसत होता. मास्तर भिंतीकडे तोंड करून रडले.

सोमवारी वनविभागाने नोंद खरी असल्याचं सांगितलं. घरमालकावर खोटी खबर दिल्याची कारवाई केली आणि पाल, शेपटीसह, परत दिली. मास्तरांना मी आधीच घरी जायला सांगितलं होतं, पण ते पालीजवळच बसून राहिले होते; आताही उठेनात. "साहेब, गल्लीत कोणत्या तोंडाने जाऊ? लोक मला तांत्रिकच म्हणणार." तेव्हा मी स्वतः सोबत गेलो.

माणसं खोटं का बोलतात, हे नोकरीत पुष्कळ शिकलो. लोकांच्या मनात आधीच बसलेल्या भीतीचे कपडे घातले की खोट्याला पुरावा लागत नाही, हे ह्या पालीने शिकवलं. आणि ती भीती हुकमाने जात नाही. मी जिन्यात उभं राहून मोठ्या आवाजात सगळं समजावलं, तरी कोणी हलेना.

शेवटी काकू दोन पायऱ्या वर चढल्या. मास्तरांच्या हातातल्या पालीच्या डब्यात वाकून पाहिलं आणि दबकत विचारलं, "मास्तर, ही झुरळं खाते का हो?"

"आवडीने खाते, काकू."

"अगंबाई! मग दोन दिवस आमच्या मोरीत सोडा की हिला!"

सगळी गल्ली हसली. मास्तरही हसले, आणि काकूंना डब्यात नीट बघता यावं म्हणून त्यांनी खोलीचं दार उघडून दिवा लावला.