पाळण्याएवढे अंतर

मखमलाबादेत पाळणा हलला आणि सावळीराम फोटोवाले तिथे पोहोचले नाहीत, असे नव्वदच्या दशकात सहसा घडले नाही. बारशाच्या घुगऱ्या चुलीवर असायच्या, तेव्हाच हे दारात हजर! खांद्यावर कॅमेऱ्याची पेटी, कपाळी बुक्का, मुखी हरिनाम. गावात माझे कीर्तन असले की ते टाळकऱ्यांच्या मागच्या रांगेत उभे राहायचे. आणि नामाचा गजर टिपेला पोहोचला की टाळ हलकेच खाली ठेवून कॅमेरा उचलायचे. या माणसाने गावभरची बाळे टिपली, गावभरच्या भिंती हसत्या केल्या. पण त्यांच्या स्वतःच्या घरात पाळण्यातल्या बाळाचा एकही फोटो नव्हता.

कारण त्यांच्या पत्नी, रंगूबाई. घरच्या मळ्यातली शेवंती आणि झेंडू पहाटे तोडून गोदाकाठच्या फुलबाजारात नेणारी ही माउली मनाने लोणी आणि शब्दाने विळा. थोरली सुवर्णा जन्मली तेव्हा घरात कॅमेरा आलेलाच नव्हता. ब्याण्णव साली धाकट्या जीवनचे बारसे निघाले तेव्हा कॅमेरा होता, हौसही होती. सावळीरामांनी नवा मोठा फ्लॅश चढवला, पाळण्यावर वाकले आणि बटण दाबले. खोलीत लखलखाट झाला. बाळ दचकले, किंचाळले, रडून रडून काळेनिळे झाले, ते दिवेलागणीपर्यंत थांबेना. धुऊन आलेला फोटो पाहावा, तर नुसता पांढराफटक!

रंगूबाईंनी बाळ छातीशी धरले आणि त्या म्हणाल्या, "आजपासून माझ्या पाळण्यापाशी तुमची ती इज आणायची नाय. गावाला काय दिपवायचं ते दिपवा."

सावळीरामांनी मान खाली घातली, आणि तो शब्द पाळला.

दोन हजार आठच्या मार्गशीर्षात सुवर्णा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि घरात नात जन्मली. तिला पाहताक्षणी आजोबांच्या अंतःकरणात एकच मागणे उभे राहिले. देवा, हिचा पाळण्यातला एक फोटो मला काढू दे! एकच दे, पण तो दे!

मागणे लहान, मार्ग अवघड. बारसे सव्वा महिन्याने, संध्याकाळी ठरले. त्या वर्षी संध्याकाळचे भारनियमन ठरलेलेच. म्हणजे खोलीत उजेड तो समईचा आणि चार पणत्यांचा. फ्लॅश तर वर्ज्य. सावळीरामांचा नवा डिजिटल कॅमेरा मोठा हुशार. त्याची लेन्स फोकस आपला आपणच शोधायची. पण अंधारात तिची सारी हुशारी आंधळी व्हायची. घर्र करून पुढे जायची, घर्र करून मागे यायची, आणि काहीच हाती लागले नाही की लाल दिवा टाकायची. रंगूबाईंनी तो दिवा एकदाच पाहिला.

"डोळे वटारतंय बघा मेलं!" त्या म्हणाल्या. "न्या ते बाहेर."

बाळाच्या दुपट्यांसाठी मऊ जुनी लुगडी हवी होती, म्हणून रंगूबाईंनी लोखंडी ट्रंक उघडली. लुगड्यांच्या तळाशी एक जड पुरचुंडी लागली. सावळीरामांनी ती सोडली. त्यांची जुनी जपानी लेन्स! भद्रकालीत जुन्या बाजारात घेतलेली, हाताने फिरवून फोकस करायची, रुंद तोंडाची. एका दिव्याचाही प्रकाश ओंजळ भरून पिणारी. गावातली अर्धी बारशी हिनेच पाहिली होती. पुढे जुना कॅमेरा कायमचा बिघडला, आणि ही ट्रंकेत जाऊन पडली ती पडलीच.

त्यांनी लेन्स खिडकीकडे धरली. काच झेंडूसारखी पिवळी झाली होती.

"वाया गेली," ते पुटपुटले. "हिच्यातून आता सगळंच पिवळं दिसायचं."

रंगूबाईंनी लेन्स हातात घेतली, उलटसुलट पाहिली. बाळालाही त्या आठवड्यात थोडी कावीळ होती. डॉक्टरांनी तपासून, सौम्य आहे, दूध पाजत राहा, पुन्हा दाखवायला आणा, असे सांगितले होते. आणि रंगूबाई आपल्या रीतीने रोज सकाळी तिला गच्चीवरच्या कोवळ्या उन्हात मांडीवर घेऊन बसत होत्या.

"हिलाबी कावीळच झालीया," त्यांनी निकाल दिला. "इतकी वर्षं अंधारात कोंडल्यावर काय होईल? पोरीबरोबर उन्हात घेते हिला."

"अगं, काचेला कुठं कावीळ होते का?"

"पिवळी पडलीया का नाय? मग?"

दुसऱ्या दिवशी मांडीवर नात आणि शेजारी दुपट्यावर लेन्स, अशा दोघी उन्हाला बसल्या. थोड्याच वेळात करपल्याचा वास आला. लेन्सने ऊन गोळा करून एका ठिपक्यावर सोडले होते, आणि दुपट्याच्या काठातून धुराची रेघ निघत होती. रंगूबाईंनी बाळाला उराशी कवटाळले, दुपटे पायाने लांब लोटले आणि हाक मारली ती खालच्या मळ्यापर्यंत गेली. सावळीराम जिना चढून आले. दुपट्याला पडलेले भोक पाहिले आणि मनात म्हणाले, संपले! फ्लॅश गेला, आता लेन्सही गेली.

रंगूबाईंची धडधड ओसरली. त्यांनी ते भोक बोटाने चाचपले.

"एवढंसं ऊन, आन् एवढी धग!" त्या हळूच म्हणाल्या. "जीव हाय हो हिच्यात अजून."

त्या दिवसापासून लेन्सचे अंथरूण वेगळे झाले. गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला स्टीलची ताटली, तिच्यात लेन्स पालथी, आणि बाळ आजीच्या मांडीवर इकडे. परीक्षा मात्र रंगूबाई आपल्या धंद्याच्या नजरेने घ्यायच्या. पांढरी शेवंती काचेखाली धरायची आणि पाहायचे. पहिल्या दिवशी शेवंती झेंडू दिसली. मग सोनचाफा दिसली. बाळाचे डोळे स्वच्छ झाले, डॉक्टरांनीही ठीक आहे म्हणून सांगितले, तरी लेन्स ताटलीतच. जाणकार सांगतात, त्या जुन्या काचेत काही खनिज असते, ते अंधारात पिवळते आणि उन्हात निवळते. असेल! मी पाहिले ते एवढेच, की एक आजी रोज सकाळी दोन लेकरे उन्हाला घेऊन बसे आणि दोघींनाही त्याच लाडाने हाक मारी.

आता राहिला प्रश्न जोडणीचा. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसेना. जावई सुनील सातपूरच्या कारखान्यात लेथवर काम करायचे. सासऱ्यांची धडपड पाहून त्यांनी मापे घेतली आणि मधले कडे स्वतः कातून आणले. सावळीरामांनी कडे चढवले, लेन्स फिरवली, गच्चीवरून रामशेज किल्ल्याकडे पाहिले. किल्ला म्हणजे नुसता धूर!

सुनील ओशाळले. "मामा, कडं नखभर जाड झालं. लांबचं येणारच नाही आता. परत करून आणतो."

"जवळचं किती येतं?"

सुनीलनी कॅमेरा डोळ्याला लावून अंदाज घेतला. "येतं की. पाळण्याएवढं."

"मग असू द्या, सुनीलराव! मला कुठं रामशेजचं बारसं करायचंय?"

बारशाची संध्याकाळ आली. वीज गेली, समई लागली. रंगूबाईंनी पणतीपाशी शेवंती काचेखाली धरली. साय धरल्यासारखी किंचित पिवळसर झाक उरली होती. "चालतंय," त्या म्हणाल्या; आणि सोळा वर्षांनी त्या पाळण्यापाशी कॅमेरा आला.

आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले, ओवी. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. रंगूबाईंच्या हाती दोरी, आणि पाळणा झुलू लागला. सावळीराम गुडघ्यावर बसले आणि त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. एवढ्या मंद उजेडात लेन्सचे तोंड पूर्ण उघडलेले. फोकस सापडतो तो बोटाच्या पेराएवढ्या जागेत, आणि बाळ तर पुढे-मागे, पुढे-मागे! ते लेन्सचे फोकसचे कडे फिरवायचे तोवर नात निघून गेलेली असायची. एक हुकले. दोन हुकले. गाणे संपत आले.

मग त्यांनी कडे फिरवणे सोडले. एका अंतरावर फोकस लावून हात स्थिर केला आणि कान गाण्याला दिले. टाळकरी समेची वाट पाहतो, तशी पाहिली! पाळणा आपल्या पायाने समेवर येईल, आपण धावायचे नाही.

"रंगू," ते डोळा न काढता म्हणाले, "दोरी जरा सावकाश."

रंगूबाईंनी पतीकडे पाहिले. काय समजायचे ते समजल्या. दोरी सावकाश झाली. गाण्याच्या ठेक्यावर पाळणा मागे गेला, ठेक्यावर पुढे आला, आणि टोकाला जाऊन क्षणभर थांबला. त्याच क्षणी हलकेसे खट्ट झाले. लखलखाट नाही, लाल डोळा नाही. बाळाने पापणीही हलवली नाही.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर सगळ्या जणी वाकल्या. ओवीचे उघडे डोळे, एकेका डोळ्यात एकेक ज्योत. आणि भोवताली सारे मऊ, सायीसारखे.

"फ्लॅश कधी मारला?" रंगूबाईंनी विचारले.

"मारलाच नाही."

"आन् माझं तोंड कुठंय? नुसता धूर केलाय माझा!"

"तू रामशेज झालीस," सावळीराम म्हणाले, आणि बायका खो खो हसल्या. रंगूबाईही हसल्या, मग पदराने डोळे टिपले. बोलल्या मात्र दाराकडे पाहून.

"जीवन! ये इकडं. तुझा राहिलाय."

सोळा वर्षांचा जीवन दारात लाजून लाल झाला. "आई, मला मिशी फुटलीया!"

"फुटू दे. ठेव हनुवटी पाळण्याला, ओवीच्या शेजारी."

तो कुरकुरत वाकला. पाळण्याच्या काठावर त्याने हनुवटी टेकवली, सावळीरामांनी कडे तसूभरही न हलवता कॅमेरा उचलला, आणि रंगूबाईंनी दोरी पुन्हा हातात घेतली.